टनाला शंभर किलो

मुंबई-पुण्यातील जी उपाहारगृहे ‘शाश्वत’ आणि ‘नैतिक’ जेवणाचा पुरस्कार करतात, त्यांच्या मेनूकार्डावर साखरेऐवजी ‘रसायनमुक्त गूळ’ वापरल्याचा उल्लेख आवर्जून छापलेला आढळतो. गुळात काय घातलेले नाही हे ग्राहकाला त्यावरून कळते. तो कोणी केला, हे मात्र क्वचितच कळते. कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने इटलीत उभी राहिलेली आणि १९८९ च्या पॅरिस जाहीरनाम्यानंतर आंतरराष्ट्रीय झालेली ‘स्लो फूड’ चळवळ अन्नाला तीन कसोट्या लावते: ते चवीला चांगले असावे, निसर्गाला अपाय न करता पिकलेले असावे आणि ते पिकवणाऱ्या-बनवणाऱ्यांना रास्त मोबदला देणारे असावे. शहरी मेनूकार्ड पहिल्या दोन कसोट्यांवर भरभरून बोलते. तिसरीचा पडताळा पाहायचा तर कराड-वाळवा पट्ट्यातील गुऱ्हाळापर्यंत यावे लागते.

चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे पसरट मोठ्या कढईत, येतो आणि खालच्या चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळत राहतात, त्यामुळे इंधन बाहेरून फारसे आणावे लागत नाही, ही या धंद्याची खरोखर वाखाणण्यासारखी बाजू आहे. रसात थोडी चुन्याची निवळी आणि ठेचलेल्या रानभेंडीचे बुळबुळीत पाणी पडले की त्या चिकट द्रवाला धरून गाळ वर येतो. या हिरवट-काळ्या थराला मळी म्हणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात.

येथून पुढे सारी मदार गुळव्यावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मुख्य कारागिरावर, असते. कराड तालुक्यातील एका गुऱ्हाळात हे काम करणारा प्रौढ गुळव्या उष्णतामापक न वापरता केवळ बुडबुड्यांचा आकार आणि वाफेचा वास यांवरून पाक ओळखतो. ओल्या गवतासारखा कच्चा वास हळूहळू ओसरून भाजल्यासारखा खमंग दर्वळ सुटला की तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. तो चुकला तर एक अख्खे आधण, म्हणजे एका वेळी शिजणारा संपूर्ण घाणा, करपते किंवा गूळ बसतच नाही. त्या बोटांची कातडी इतकी राठ झालेली आहे की पाकाचा चटका त्यांना जाणवत असेल की नाही, अशी शंका पाहणाऱ्याला येते. त्याच्या बोलण्यात एकच हिशेब पुन्हा पुन्हा येतो: टनाला शंभर किलो, म्हणजे एक टन उसामागे सुमारे एवढाच गूळ.

या आकड्याशी मेनूकार्डाची गाठ घालणे उद्बोधक ठरते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याच्या उसाला क्विंटलमागे ३४० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला होता. म्हणजे टनाला ३,४०० रुपये आणि टनाला शंभर किलो या हिशेबाने गुळाच्या प्रत्येक किलोत ३४ रुपयांचा नुसता ऊसच असतो. चुलवाणासमोर जाळ घालणारा, मळी काढणारा आणि गुळव्या यांची मजुरी, तेल, वीज आणि वाहतूक हे सारे त्यावरचे. अर्थात अर्ध्या किलोच्या सुबक पुडीची शहरातील किंमत पाहिली तर ग्राहक कमी देतो असे म्हणवत नाही. पण दिलेले पैसे काहिलीपर्यंत पोहोचतात की पुडीवरच्या नक्षीत जिरतात, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

रंगाचा प्रश्न याहून गमतीचा आहे. बाजारात पिवळ्याधमक गुळाला चढा भाव मिळतो म्हणून काहिलीत हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट नावाची विरंजक भुकटी, पडू लागली. शहरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना सोनेरी ढेप हवी होती आणि गुऱ्हाळाने ती पुरवली. साठवणीत हवा लागून हा उसना पिवळेपणा उतरतोही. आता त्याच शहरातील चोखंदळ पंगतीला काळा गूळ शुद्ध वाटतो आणि काळेपणालाच प्रमाणपत्राचे मोल आले आहे. वास्तविक गडद रंग उसाच्या जातीमुळे, जमिनीतील क्षारांमुळे किंवा पाक जरा जास्त शिजल्यामुळेही येऊ शकतो, आणि साखर मिसळलेला गूळही काळा असू शकतो. कराडच्या गुळव्याला हा फरक तुकडा जिभेवर ठेवताच कळतो. उपाहारगृहांची खरेदी मात्र त्याच्या जिभेला विचारून होत नाही, आणि काळ्या गुळाची मागणी वाढल्याने त्याची मजुरी वाढली का, या प्रश्नावर तो मळीचा झारा झटकून पुन्हा चुलवाणाकडे वळतो, कारण पुढचे आधण उकळीला आलेले असते.