ओल्या रानातली लिव्हर रायफल

चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर घेतली की नवे नळीत सरकते. लिव्हर रायफलची रचना इतकी सरळ आहे. अलास्कातले वाटाडे आणि शिकारी मोठ्या बोरची अशी रायफल तपकिरी अस्वलापासून बचावासाठी बाळगतात. तिथल्या गचपणात अस्वल दिसते तेच पाचपन्नास पावलांवर. त्यामुळे लांब पल्ल्यापेक्षा आखूड नळी आणि जड गोळी मोलाची.

यातले सर्वांत रुळलेले काडतूस .४५-७०. अमेरिकी सैन्याने ते १८७३ साली स्वीकारले. नावातला पहिला आकडा बोरचा, इंचात. दुसरा काळ्या दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. अलास्कातल्या कूपर लँडिंगच्या हॅरॉल्ड जॉन्सन या कारागिराला त्याहून जोरकस बार हवा होता. १९५०च्या दशकात विंचेस्टर ७१ रायफलींत फेरफार करून त्याने .४५० अलास्कन हे काडतूस घडवले. मार्लिन या बंदूक कंपनीने १८९५ हे मॉडेलचे जुने नाव १९७२ साली .४५-७०साठी पुन्हा वापरले, आणि १९९८ मध्ये साडेअठरा इंची नळीची ‘गाइड गन’ आणली. फेरफारासाठी कारागिरांच्या हातात आज बहुधा हीच मार्लिन असते. अँकरेजच्या वाइल्ड वेस्ट गन्स या कार्यशाळेने तर छोट्या विमानात मावावी म्हणून दोन भागांत सुटणारी रायफल केली.

मात्र खरी कसोटी पावसाची. अलास्कातल्या केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. पोलादावरचा निळसर थर तिथे फार काळ टिकत नाही. म्हणून स्टेनलेस पोलाद घेतात. पण तेही गंजते, फक्त सावकाश. अक्रोडाचा दस्ता पाणी पिऊन फुगतो, म्हणून राळेत चिकटवलेल्या पातळ लाकडी थरांचा दस्ता बसवतात. हातमोजे घातलेली बोटे मावावीत म्हणून कडी मोठी करतात. दुर्बिणीच्या काचेवर पाणी साचते. तिच्याऐवजी नेम धरायला मागे रुंद भोकाचे वर्तुळ आणि पुढे ठळक माशी पुरते. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात. टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून धक्क्याने बार उडू शकतो, म्हणून गोळ्या चपट्या तोंडाच्या.

मार्लिनचा मोठा गुण मुक्कामावर कळतो. एक स्क्रू काढला की कडी सुटते, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट मागे निघतो आणि नळी मागच्या बाजूने पुसता येते. विंचेस्टरची १८८६ रायफल इतक्या सहज उघडत नाही. भिजलेल्या रानात हा फरक बोरच्या आकड्याहून महत्त्वाचा. तेल बेताचेच लावायचे, कारण थंडीत ते घट्ट होऊन घोडा जड करते. नळीच्या तोंडावर साधी चिकटपट्टी लावतात. बार उडताना गोळीपुढची हवाच ती फाडून टाकते.