पुतळा नाही, वास्तू नाही; तरी माराकेशचा चौक वारसा कसा?

मोरोक्कोतील माराकेश शहराच्या जेमा अल-फना चौकात संध्याकाळ झाली की खाण्याचे ठेले लागतात. गारुडी, वादक, कथेकरी आपापले रिंगण धरतात. नव्वदच्या दशकात येथे उंच इमारत आणि भूमिगत पार्किंगचा घाट घातला गेला. शहरातच राहणारे स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो यांनी विरोध केला. २००१ मध्ये युनेस्कोने चौकातल्या या परंपरांनाच अमूर्त वारशाचा मान दिला. जवळची मजोरेल बागही हॉटेलपासून वाचली, कारण १९८० मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँ आणि पियेर बेर्जे यांनी ती विकत घेतली. कथेकऱ्यांना असा कुणी वाली नाही. अरबी न कळणारा पर्यटक फोटो काढून पुढे सरकतो, आणि त्यांची रिंगणे कमी होत चालली आहेत.