सही करण्याआधी

डिलाईल रोडवरच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही एका भगिनीला भेटलो. वय ३१. उशाखाली इंग्रजी कागदांचा गठ्ठा होता. ‘‘आपा, यावर सही केली तर नवं औषध फुकट मिळेल म्हणतात. करू का?’’

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते. एका डोळ्याला अंधुक दिसतं, पाय सुन्न होतात, लघवी आवरत नाही. पुष्कळदा काही दिवसांनी आपोआप बरंही वाटतं आणि तिथेच घरची मंडळी फसतात. या घरातही आधी अशक्तपणा, मग नजर लागली असं म्हणत दीड वर्ष गेलं. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, बायकांत जास्त. तो संसर्गजन्य नाही. पुरता बरा करणारं औषध नाही; पण झटके कमी करणारी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू झालेली बरी. म्हणून अशी लक्षणं दिसली की मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. या वस्तीला १९२६ पासूनचं परळचं केईएम काही लांब नाही.

आता त्या कागदांविषयी. चाचणी म्हणजे हमखास इलाज नव्हे. कुणाला नवं औषध मिळतं, कुणाला जुनं, कधी नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ओक्रेलिझुमॅब हे औषध झटक्यांच्या रुग्णांत जुन्या इंटरफेरॉनशी ताडून पाहिलं गेलं, तेव्हा कुठे २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जुन्या रुग्णांनी सह्या केल्या नसत्या तर हेही झालं नसतं, हे विसरून चालणार नाही.

पण सही घाईने नको. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाची. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. मधूनच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत हवी. तो क्रमांक मागावा, मोबाईलवर पडताळावा. क्रमांक सांगायला कोणी कां कूं करू लागलं, तर आम्ही तिथून उठून येऊ.

मूल हवं असेल तर तेही आधीच विचारावं. अशा औषधांच्या काळात बहुधा गर्भधारणा टाळायला सांगतात. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळांचं काय, हेही विचारायला लाजू नये.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईतही आहे.

आम्ही निघालो तेव्हा ती मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहीत होती. सातवा प्रश्न सासूबाईंचा होता: ‘‘चाचणी संपल्यावर औषध कोण देणार?’’