माजघरांतील सरकतें दार

कापूस वेचून घरीं येऊं लागला म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या आंजी (मोठी) येथें काय किंवा हिंगणघाटाकडे काय, भाव चढेल या आशेनें कापूस दोन-दोन, तीन-तीन महिने घरांतच ठेवण्याची वहिवाट आहे. माजघराच्या आंतील खोली आढ्यापर्यंत भरते. मग दार आंत उघडणारें असेल तर कापसाच्या दाबानें तें उघडत नाहीं, आणि बाहेर उघडणारें असेल तर माजघरांतील वाट अडते. यावर उपाय म्हणून आम्हीं आपल्या घरीं सरकतें दार करून पाहिलें. पहिला प्रयत्न फसला, दुसरा साधला. दोहोंची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

३ फूट रुंदीचें बिजागरीचें दार उघडतांना सुमारें ७ चौरस फूट जमीन अडवितें. तेवढ्या जागेंत पोतें, पलंग कांहींच ठेवतां येत नाहीं. सरकत्या दारास जमीन लागत नाहीं. बाजूची साडेतीन फूट भिंत मात्र मोकळी लागते. दुसरा गुण आमच्या हवेंत विशेष मोलाचा आहे. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां लांकूड आटतें. श्रावणांत तेंच फुगतें. साडेतीन फूट रुंदीच्या फळ्यांत ही घटबढ दोन-तीन सूत सहज होते. चौकटींत बसणारें दार म्हणूनच पावसाळ्यांत अडकतें. आपण रंधा मारून तें मोकळें करतों, आणि पुढल्या उन्हाळ्यांत त्याच फटींतून धूळ येते. सरकतें दार चौकटीच्या बाहेर भिंतीलगत लोंबतें, म्हणून फुगलें तरी अडत नाहीं. जपानांतील घरांत आंतील दारें पूर्वापार सरकतीं असतात. पण तीं हलकीं, बहुधा कागद लावलेलीं, व खोबणींत चालणारीं. आपलें दार जड, व तें वरून टांगावयाचें.

दोष नाहींत असें नाहीं. भिंत व दार यांमध्यें बोटभर फट राहते, तींतून उंदीर जातो. धान्याच्या कोठीस किंवा घराच्या दर्शनी दारास हा प्रकार कोणीं करूं नये. चोरास तें उचलून काढणें कठीण नाहीं.

लांकूड सागाचें घ्यावें. आंबा स्वस्त पडतो, पण त्यास कीड लवकर लागते. बाभूळ टणक खरी, परंतु फार जड. सागाचें वजन घनफुटास १८ ते १९ किलो धरावें. ३ फूट रुंद व साडेसहा फूट उंच अशा वाटेस सर्व बाजूंनीं झांकणारें दार ३ फूट ४ इंच रुंद व ६ फूट ८ इंच उंच लागतें. १ इंच जाडीच्या फळ्यांचें तें केल्यास फळ्याच ३४ किलो भरतात. आडव्या पट्ट्या व लोखंड मिळून ४५ ते ५० किलो होतात. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. एका कामाची आठवण येथेंच करून देतों. शेतांतील साग आपला असला आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद असली, तरी तो पाडण्यापूर्वीं १९६४ च्या झाडें तोडण्याविषयींच्या कायद्याप्रमाणें परवानगी, व लांकूड हलविण्यापूर्वीं वाहतुकीचा परवाना लागतो. महसूल खात्यांत असतां असे अर्ज आमच्या टेबलावरून पुष्कळ गेले; झाड आधीं पाडून अर्ज मागाहून करणाऱ्यांची धांवपळही आम्हीं पाहिली आहे.

फळ्या ५-६ इंच रुंदीच्या घेऊन एकीच्या कडेस खोबण व दुसरीच्या कडेस जीभ काढावी, म्हणजे फळ्या आटल्या तरी आरपार फट दिसत नाहीं. सरस लावूं नये. लांकडास हलावयास मोकळीक हवी. मागील बाजूस वर, मध्यें व खालीं अशा तीन आडव्या पट्ट्या मारून त्यांमध्यें तिरप्या पट्ट्या द्याव्या, नाहींतर कांहीं दिवसांनीं दार एका कोपऱ्यांत लोंबूं लागतें. प्रत्येक फळी पट्टीस मध्यभागीं स्क्रूनें धरावी. दोन्ही कडांस धरली तर ती तडकते.

आतां मुख्य गोष्ट. दार ज्यावर चालतें ती लोखंडी पट्टी २ इंच रुंद व पाव इंच जाड असावी, व तिची लांबी दाराच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ६ फूट ८ इंच, घ्यावी. ती भिंतीपासून दीड-दोन इंच दूर, उभ्या कडेवर बसते. तिच्या वरच्या कडेवर खांचेचीं दोन चाकें चालतात, व चाकांपासून खालीं आलेल्या लोखंडी पट्ट्यांस दार टांगलेलें असतें. भार भिंतीपासून बाहेर लोंबत असल्यामुळें तो बोल्टास केवळ खालीं ओढीत नाहीं, बाहेरही उपटतो. हें आम्हांस प्रथम समजलें नव्हतें.

आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. पहिल्या वेळीं आम्हीं तींत लांकडी खुंट्या ठोकून त्यांत स्क्रू पिळले, व पट्टी बसविली. दोन महिने दार सुरेख चाललें. येणाराजाणारा तें एकदां ओढून पाही. तिसऱ्या महिन्यांत पुतण्यानें तें जरा जोरानें ढकललें. पट्टीच्या शेवटास अडसर ठेवलेला नव्हता. चाक पट्टीवरून सुटलें, सारा भार एका टोंकास आला, खुंट्या मातीसकट बाहेर आल्या, व ५० किलोंचें दार माजघरांत आडवें पडलें. आमची वहिनी तेथेंच बसून तूर पाखडीत होती. पाणी घ्यावयास उठली म्हणून वांचली. सुपाचा चुराडा झाला. दोष ना सुताराचा, ना पोराचा; अडसर नको, दिसावयास वाईट दिसतो, असें आम्हींच म्हटलें होतें.

दुसऱ्या वेळीं ६ इंच रुंद व २ इंच जाड अशी सागाची अखंड पाटी वाटेच्या वर आडवी धरली, व ती भिंतीच्या आरपार बोल्टांनीं आवळली. भिंतीच्या दुसऱ्या बाजूस प्रत्येक बोल्टाखालीं ४ इंच चौरस लोखंडी तुकडा दिला, म्हणजे ओढ मातीवर न येतां तुकड्यावर पसरते. लोखंडी पट्टी या पाटीवर बसविली. पक्क्या विटांच्या भिंतीसही आम्ही हीच रीत सुचवितों; सांध्यांतील चुन्यावर भरंवसा ठेवूं नये. पट्टी पाणसळ लावून अगदीं समपातळींत बसवावी. आगीच्या भयास्तव गोदामांस जीं लोखंडी पत्र्यानें मढविलेलीं दारें असतात, त्यांची पट्टी मुद्दाम उतरती ठेवतात. उष्णतेनें मधला कमी आंचेवर वितळणारा धातु वितळला कीं दार आपोआप घसरून बंद होतें. घरांत उतरती पट्टी राहिली तर तेंच दार पोराच्या बोटांवर येईल.

पट्टीच्या दोन्ही टोंकांस बोल्टानें आवळलेले अडसर द्यावे. दाराच्या वरच्या कडेवर, पट्टीच्या बरोबर खालीं, दोन लांकडी ठोकळे दोन सूत अंतर राखून मारावे. दार उसळलें तरी ठोकळा पट्टीस अडतो व चाक बाहेर पडत नाहीं. दार खालून झोके घेऊं नये म्हणून त्याच्या खालच्या कडेस खोबण काढून जमिनींत एक लोखंडी खुंटी तींत चालेल अशी बसवावी. ही खुंटी वाटेच्या बाजूस, दाराआड राहील अशी असावी, नाहींतर पायास लागते. कडी आंतूनही उघडतां येईल अशीच लावावी. कापसावर खेळावयास मुलें शिरतात, व बाहेरून कडी लावल्यावर आंतील हांक कापूस गिळून टाकतो.

दार बसल्यावर कोणास सरकवूं देण्यापूर्वीं तें मध्यावर आणून दोन माणसांनीं त्यास लोंबून पाहावें. पाटी केसभरही हलली तर बोल्ट पुन्हां आवळावे. चाकांच्या आंसास वर्षांतून एकदां वंगण पुरें. पट्टीस मात्र तेल लावूं नये; तेलास कापसाचे तंतू चिकटून त्यांची वात वळते, आणि चार दिवसांत चाकें जाग्यावर थांबतात. कोरड्या फडक्यानें ती पुसून काढावी.