शेजार एकच, नशीब वेगळे

२४ मार्च २०२३. रमजानचा पहिला रोजा. इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपून आम्ही गच्चीवर गेलो, तर पश्चिमेला चंद्रकोरीच्या अगदी जवळ एक ठळक तारा लखलखत होता. मुलांनी विचारले, "अब्बा, तिथे कोणी राहते का?" तो तारा नव्हता, शुक्र ग्रह होता. पण मुलांचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला.

सजीवांना राहता येईल असा ग्रह कसा असतो? सूर्यापासून फार जवळ नको आणि फार दूरही नको, हे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. चंद्राचेच पाहा. तो सूर्यापासून आपल्याइतकाच, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. पण त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. हवा धरून ठेवायला ते अपुरे पडते. हवेचे पांघरूण नाही, म्हणून तिथे दिवसा तापमान शंभर अंशांच्या वर जाते आणि रात्री शून्याखाली शंभर अंशांच्याही खाली उतरते.

मंगळावर नद्यांची कोरडी पात्रे दिसतात. म्हणजे तिथे कधीकाळी पाणी वाहत होते. पण मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक दशांश. त्याचे चुंबकीय कवच फार पूर्वी नाहीसे झाले आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने त्याची बरीचशी हवा अंतराळात उडून गेली. आता तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे.

शुक्राला तर आकार पृथ्वीएवढाच मिळाला आणि हवाही भरपूर मिळाली. तरी तिथे सुमारे ४६५ अंश तापमान आहे. १९८२ मध्ये तिथे उतरलेले सोव्हिएत रशियाचे 'व्हेनेरा १३' यान जेमतेम दोन तास टिकले. कारण तिथल्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

हा वायू पृथ्वीच्या वाट्याला आला नाही असे नाही. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच आपल्याकडेही आहे. पण तो चुनखडीसारख्या खडकांत बंद आहे. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवते, खडक झिजवते आणि सगळे समुद्रात नेते. तिथे त्याची चुनखडी होते. पुढे ज्वालामुखी त्यातला काही वायू पुन्हा हवेत सोडतात. पृथ्वी तापली की खडक लवकर झिजतात आणि हा वायू कमी होतो. थंड पडली की झीज मंदावते आणि वायू साठत जातो. सूर्य सुरुवातीला आजच्यापेक्षा सुमारे तीस टक्के मंद होता, तरीही येथील समुद्र कायमचे गोठून गेले नाहीत. साडेतीनशे कोटी वर्षे जीवसृष्टी टिकली, रूप बदलत गेली, ती या तोलामुळे. अंतर, आकार, हवा, पाणी आणि हा तोल, एवढे सगळे एकत्र यावे लागते.

पण ही व्यवस्था फार संथ आहे. तिला लाखो वर्षे लागतात. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. कोळसा आणि तेल जाळून आपण ते ४२० च्या पुढे नेले. पृथ्वी शुक्र होणार नाही, आणि काळाच्या ओघात आपला तोल ती सावरेलही. पण तिची लाखो वर्षे आमच्या नातवंडांच्या काय कामाची? उन्हाळे त्यांना भोगायचे आहेत, आणि पावसाची वाटही त्यांनाच पाहायची आहे.

मुलांना आम्ही म्हणालो, "तिथे कोणी राहत नाही बेटा. आपल्या माहितीत तरी राहता येईल असे घर हे एकच आहे."