दुहेरी जकात

इ. स. १८५४ च्या ऑक्टोबर महिन्यापासून हिंदुस्थानांत टपालाची एक नवी पद्धति सुरू झाली. तोंपर्यंत पत्राचें हंशील अंतरावर ठरत असे. जवळच्या गांवास एक दर, लांबच्या गांवास दुसरा. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत हा भेद काढून टाकण्यांत आला आणि हलक्या पत्रास अर्धा आणा असा सर्व देशभर एकच दर ठरला. पत्र सावकाराचें आहे कीं शाळामास्तराचें, त्यांत व्यापाराची बातमी आहे कीं सासरीं गेलेल्या लेकीची खुशाली, ह्याच्याशीं टपालखात्यास कर्तव्य नव्हतें. वजन पाहावें, तिकीट पाहावें आणि पत्र पुढें धाडावें, एवढेंच त्याचें काम.

नियम दिसावयास साधा. परंतु त्याचीं फळें मोठीं आहेत. ज्याच्याजवळ पैसा थोडा पण सांगण्यासारखें पुष्कळ, अशा माणसाला ह्या नियमानें सर्व देशाचीं दारें उघडून दिलीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचीं वर्तमानपत्रें, मासिकें व ग्रंथमाला टपालाच्या थैलींतूनच खेडोपाडीं पोंचलीं. धनिकाचें पत्र आधीं व गरिबाचें मागून अशी रीत असती, तर त्यांतील किती टिकलीं असतीं, ह्याचा विचार प्रत्येकानें करून पाहावा.

आज टपालाचें बरेंचसें काम इंटरनेटनें आपल्याकडे घेतलें आहे. मुलांचा अभ्यास, बँकेचा व्यवहार, वडील मंडळींचें कीर्तनश्रवण, परदेशीं गेलेल्या मुलाचें व नातवंडांचें दर्शन, हें सर्व त्याच वाटेनें घरांत येतें. आणि तोच जुना प्रश्न आतां नव्या वेषांत दाराशीं उभा आहे. वाट ज्या कंपनीच्या ताब्यांत आहे, तिनें मजकुराच्या मालकाकडून जादा पैसे घेऊन त्याचा मजकूर इतरांच्या आधीं पोंचवावा, हें योग्य आहे काय?

रांग कशी लागते?

आपण एखादें संकेतस्थळ उघडतों, तेव्हां तेथील लेख, चित्र अथवा गाणें अखंड येत नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. अनेक यंत्रांमधून वाट काढीत तीं आपल्या कंपनीच्या जाळ्यांत शिरतात व तेथून आपल्या घरीं येऊन पुन्हां जुळतात. वाट मोकळी असेल तर कोणतें आधीं व कोणतें मागून हा प्रश्नच उद्भवत नाहीं. गर्दी झाली कीं मात्र रांग लागते. अशा वेळीं पैसे भरणाराचीं पॅकेटें पुढें काढावयाचीं असें ठरलें, तर उरलेल्यांचीं तितकीं मागें पडणारच. देवदर्शनाच्या रांगेंत पैसे घेऊन एकास पुढें सोडलें म्हणून गाभारा मोठा होत नाहीं. मागचा वारकरी तेवढा अधिक वेळ तिष्ठत राहतो.

ह्यांत आणखी एक मुद्दा आहे, व तो व्यवहाराचा आहे. आपलें कुटुंब दरमहा आपल्या कंपनीस पैसे देतें, तें जगांतील कोणताहि मजकूर घरीं यावा म्हणूनच. संकेतस्थळाचा मालकहि आपल्या बाजूच्या कंपनीस त्याच्या जोडणीबद्दल पैसे देतो. म्हणजे वाटेच्या दोन्ही टोकांस भाडें चुकतें झालेलें असतें. अशा स्थितींत आपली कंपनी संकेतस्थळाच्या मालकास म्हणते, “माझ्या गिऱ्हाइकापर्यंत लवकर पोंचावयाचें असेल तर मलाहि कांहीं द्या.” जो माल आपणच मागविला व ज्याचा वाटखर्च आपणच भरला, त्याच मालावर आपल्याच दाराशीं पुन्हां जकात! आणि ती चुकविण्यास दुसरी वाट नाहीं. कारण त्या घरांत शिरण्याचा दरवाजा त्या एका कंपनीच्याच हातीं असतो.

अमेरिकेंतील वाद

हा वाद अमेरिकेंत पूर्वीं रेल्वेच्या बाबतींत झाला होता. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत रॉकफेलर ह्यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीस रेल्वे कंपन्या तेलाच्या भाड्यांत गुप्त सूट देत. लहान व्यापाऱ्याचें तेल चांगलें असूनहि तें बाजारांत महाग पडे, व अखेर त्यास धंदा विकून मोकळें व्हावें लागे. ह्या प्रकारांवरून लोकमत इतकें खवळलें कीं १८८७ सालीं रेल्वेच्या दरांवर नियंत्रण घालणारा कायदा करावा लागला, व १९०३ सालीं सूट देण्याघेण्याच्या चालीविरुद्ध आणखी एक कायदा आला.

इंटरनेटच्या बाबतींत हेंच तत्त्व टिम वू ह्या कायदेपंडितानें २००३ सालीं ‘नेट न्यूट्रॅलिटी’, म्हणजे जाळ्याची तटस्थता, ह्या नांवानें मांडलें. प्रसंग लवकरच आला. २००७ सालीं कॉमकास्ट ही मोठी कंपनी आपल्या गिऱ्हाइकांच्या विशिष्ट प्रकारच्या देवघेवींत गुपचुप अडथळा आणीत असल्याचें उघडकीस आलें. पुढें २०१४ च्या जानेवारींत तेथील न्यायालयानें तटस्थतेचे तत्कालीन नियम बव्हंशीं रद्द केले. त्याच सुमारास कॉमकास्टच्या घरोघरच्या गिऱ्हाइकांस नेटफ्लिक्सचीं चित्रें अडखळत दिसत होतीं. फेब्रुवारींत नेटफ्लिक्सनें कॉमकास्टला पैसे देऊन थेट जोडणी घेण्याचा करार केला आणि वेग सुधारला. कॉमकास्टचें म्हणणें असें कीं, दोष नेटफ्लिक्सनें निवडलेल्या मार्गाचा होता. नेटफ्लिक्सचें म्हणणें असें कीं, जोडणीच्या ठिकाणीं वाट मुद्दाम अरुंद ठेवून ही खंडणी वसूल केली गेली. खरें कोणाचें हा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उघड आहे. नेटफ्लिक्सजवळ पैसा होता, म्हणून त्यास हा मार्ग मोकळा होता. ज्याच्याजवळ तो नाहीं, त्यानें काय करावें?

तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन ह्या सरकारी संस्थेनें फेब्रुवारी २०१५ मध्यें पैसे घेऊन अग्रक्रम देण्यास मनाई केली. डिसेंबर २०१७ मध्यें त्याच संस्थेच्या नव्या बहुमतानें ती मनाई उठविली. एप्रिल २०२४ मध्यें ती पुन्हां आली, व जानेवारी २०२५ मध्यें अपील न्यायालयानें ती रद्द केली. दहा वर्षांत चार वेळां कायदा फिरला! कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांनीं आपापले कायदे केले, तेवढाच तेथील नागरिकांस आधार. ज्या नियमाचा पाया केवळ अधिकारावर आलेल्या पक्षाच्या मर्जीवर असतो, त्याची गति ही अशी होते.

आपल्या देशांत काय झालें?

ह्या बाबतींत आपल्या देशाचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेल कंपनीनें इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास निराळा आकार लावण्याचें जाहीर केलें. ज्या घरांतील मुलगा व सून परदेशीं आहेत आणि जेथें रविवारच्या सकाळीं सारें कुटुंब त्यांच्याशीं बोलावयास जमतें, त्या घरास ह्याचा अर्थ सांगावयास नको. लोकांचा क्षोभ पाहून कंपनीनें तो बेत थोड्याच दिवसांत मागें घेतला. मार्च २०१५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, ह्या विषयावर लोकांचीं मतें मागविलीं, आणि दहा लाखांहून अधिक ई-पत्रें त्याच्याकडे गेलीं. किचकट तांत्रिक विषयावर एवढ्या लोकांनीं सरकारी संस्थेस आपलें मत कळविल्याचें उदाहरण विरळाच.

त्याच वर्षीं एक मोहक कल्पना पुढें आली. मजकुराच्या मालकानें कंपनीस पैसे द्यावे व गिऱ्हाइकास तो मजकूर फुकट मिळावा, अशी ‘एअरटेल झीरो’ नांवाची योजना एप्रिलमध्यें निघाली. २००७ सालीं बंगळूर येथें लहान प्रमाणावर पुस्तकविक्रीनें आरंभ केलेली फ्लिपकार्ट कंपनी तींत सामील होणार होती. लोकमत विरुद्ध जातांच तिनें अंग काढून घेतलें. फेसबुकनेंहि निवडक संकेतस्थळें फुकट दाखविण्याची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना आणली. गरिबास कांहींच न मिळण्यापेक्षां थोडें मिळालें तर काय वाईट, असा तिचा युक्तिवाद होता, आणि तो अगदींच टाकाऊ नव्हता. परंतु गरिबानें काय वाचावें हें वाटेच्या मालकानें व एका परदेशी कंपनीनें ठरवावें, ही त्यांतील मेख होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास बंदी केली. नियम मोडणारास दिवसास ५० हजार रुपये व अधिकांत अधिक ५० लाख रुपये दंड ठेवला. दरानंतर वेगाचा प्रश्न राहिला होता. नोव्हेंबर २०१७ मध्यें ट्रायनें केलेल्या शिफारशी सरकारनें २०१८ सालीं मान्य केल्या, आणि मजकूर अडविणें, मंदावणें किंवा एकास झुकतें माप देणें ह्यांस परवान्याच्या अटींनींच प्रतिबंध केला.

दुसरी बाजू

विचारी वाचक म्हणतील, पूर्वीं जरुरीच्या तारेस जादा पैसे पडतच होते, आणि स्पीड पोस्टास आजहि पडतात. मग इंटरनेटनेंच काय पाप केलें? आक्षेप रास्त आहे. परंतु तेथें पाठविणाराकडून एकदांच पैसे घेतले जात, दर उघड छापलेला असे व तो सर्वांस सारखा असे. येथें गिऱ्हाइकाकडून घेऊन झाल्यावर दुसऱ्याकडून, तेहि खाजगी कराराने, घ्यावयाचे असतात.

दुसरा आक्षेप असा कीं मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या यंत्रांत साठवून वेग मिळवितातच, व त्यासाठीं पैसेहि मोजतात. हें खरें आहे. आणि आपल्याकडील नियमांनीं त्यास मोकळीक ठेविली आहे. व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकाच्या गांवीं आपली वखार घातली, तर माल लवकर मिळतो. परंतु त्यामुळें रस्त्यावरील दुसऱ्याची गाडी अडत नाहीं. आणीबाणीच्या सेवांसाठीं अपवाद आहे, तोहि योग्यच. रुग्णवाहिकेस वाट द्यावी, ह्याबद्दल कोणाचें दुमत नसतें. रुग्णवाहिकेची वाट पैसे देणाऱ्या मोटारीस विकूं नये, एवढेंच म्हणणें.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मनोरे उभारावयाचे, तारा घालावयाच्या, लहरींच्या लिलावांत प्रचंड रकमा भरावयाच्या, हें सर्व दूरसंचार कंपन्यांनीं करावयाचें. आणि त्या वाटेवर नफा मिळवावयाचा तो चित्रें दाखविणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं! म्हणून त्यांनीं खर्चाचा वाटा उचलावा, अशी मागणी आपल्याकडील दूरसंचार कंपन्यांनीं २०२३ पासून जोरानें मांडली आहे. ह्या मागणीचें फळ पाहावयाचें असेल तर दक्षिण कोरियाकडे पाहावें. तेथें २०१६ पासून मजकूर ज्या जाळ्यांतून निघतो त्यानें पैसे द्यावे असा नियम आहे. ह्या खर्चाच्या भारामुळें ट्विच ह्या कंपनीनें २०२२ सालीं तेथील चित्रांचा दर्जा उतरविला व फेब्रुवारी २०२४ मध्यें त्या देशांतील कारभारच गुंडाळला. नेटफ्लिक्स व तेथील एक दूरसंचार कंपनी ह्यांच्यांतील न्यायालयीन झगडा २०२३ सालीं समेटानें मिटला. मोठा समेट करूं शकतो. लहानास तेंहि शक्य नसतें.

शिवाय हा वाटा अखेर भरणार कोण? संकेतस्थळाचा मालक तो आपल्या वर्गणींत चढविणार व ती वर्गणी आपणच भरणार. जाळें चालविण्याचा खर्च खरोखरच वाढला असेल, तर कंपनीनें उघडपणें दर वाढवावा. गिऱ्हाईक तो पाहील, दुसऱ्या कंपनीच्या दराशीं ताडून पाहील, व ठरवील. लपलेल्या जकातीची तुलना करतां येत नाहीं.

आपलें कर्तव्य

नियम कागदावर झाला म्हणून निश्चिंत राहण्याजोगी स्थिति नाहीं. ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे ‘फाइव्ह जी’ सेवा सुरू झाली आहे. तिच्यांत एकाच जाळ्याचे निरनिराळ्या वेगाचे व निरनिराळ्या दर्जाचे भाग पाडतां येतात. कारखान्यांतील अथवा इस्पितळांतील यंत्रांसाठीं त्याचा उपयोग मोठा आहे. परंतु त्याच युक्तीनें उद्यां सामान्य मजकुरासाठींहि राजरस्ता व आडवाट असा भेद करण्याचा मोह होईल. आणि ह्या भेदाचें वैशिष्ट्य असें कीं तो डोळ्यांस दिसत नाहीं. दार बंद असलें तर माणूस तक्रार करतो; दार उघडावयास चार क्षण अधिक लागले तर तो कंटाळून दुसऱ्या दारीं जातो. एखाद्या शिक्षकानें पदरमोड करून चालविलेलें गणिताचें संकेतस्थळ, एखाद्या तालुक्याचें छोटेखानी वृत्तपत्र, एखाद्या गृहिणीचा घरगुती फराळाचा व्यवसाय, हीं सारीं अशा चार क्षणांनीं निकालांत निघूं शकतात. आणि दोष मात्र त्यांच्याच माथीं बसतो.

म्हणून घरांतील जाणत्या मुलामुलींनीं एवढें तरी करावें. इतर सर्व सुरळीत असतांना एखादेंच स्थळ आपल्या कंपनीच्या वाटेनें वारंवार रखडत असेल, तर तेंच दुसऱ्या कंपनीच्या वाटेनें उघडून पाहावें. फरक नेहमीं दिसल्यास त्याचें टिपण ठेवून कंपनीस लेखी जाब विचारावा. ट्राय जेव्हां जेव्हां मतें मागवील, तेव्हां वडीलधाऱ्यांस विषय समजावून द्यावा व घरांतून दोन ओळी तरी पाठवाव्या. २०१५ सालीं दहा लाख पत्रांनीं काय घडूं शकतें हें आपण पाहिलें आहे. त्या पत्रांपैकीं बहुतेक तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसांचींच होतीं, आणि त्यांतील प्रत्येक पत्र त्याच समान वाटेनें, कोणाच्याहि मागें न पडतां, पोंचलें होतें.