वाळूतल्या उंदरांची मोजदाद

जैसलमेरच्या वाळूत जिवंत काही दिसत नाही असं म्हणणाऱ्याने पहाटे सेवण गवताच्या ठोंबांमध्ये वाकून पाहावं. रात्रीतून उमटलेल्या इवल्या पावलांच्या वाटा बिळापासून बिळापर्यंत गेलेल्या असतात. उंदरांची मोजदाद करण्यासाठी आमचे सापळे याच वाटांवर लागतात.

सापळा म्हणजे ॲल्युमिनियमची घडीची पेटी, शर्मन ट्रॅप. आत शेंगदाणा तेलात चोळलेली बाजरी. उंदराचा पाय तळाच्या पट्टीवर पडला की दार मिटतं. त्याला इजा होत नाही. थंडीत आत कापूस हवाच. कापसाशिवाय मी एकही पेटी लावू देत नाही. आणि उन्हं चढायच्या आत सगळ्या पेट्या उघडून झाल्या पाहिजेत, कारण पत्रा तापला की आतला जीव गेलाच.

सापडलेला उंदीर कापडी पिशवीत उतरवून पिशवीसकट वजन करायचं. मग मानेमागे हलकेच धरून तळपाय पाहायचा. तो केसाळ असला तर हा भुसभुशीत वाळूतला छोटा जर्बिल, म्हणजे वाळवंटी उंदराचाच एक प्रकार. शेपूट लांब आणि टोकाला काळसर झुपका असेल तर मोठा भारतीय जर्बिल, आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवरही राहणारा. थोडे केस कातरून खूण करायची आणि सापडला तिथेच सोडायचा. समजा, ४० जणांना खूण केली आणि पुढच्या वेळी सापडलेल्या ५० पैकी १० खुणेचे निघाले, तर तिथली वस्ती सुमारे २०० धरायची.

मरू-जर्ड या वाळवंटी उंदरासाठी मात्र पेटीपेक्षा दुर्बीण बरी, कारण तो दिवसा फिरतो. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर ताठ उभा राहतो, पुढचे पाय छातीशी, आणि घार दिसताच आत. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बाहेर, भर दुपारी बिळात. बिया, पाला, मुळं यांतल्या ओलाव्यावर तो तगतो. मूत्रपिंडं पाण्याचा थेंब न् थेंब राखतात. जोधपूरच्या ‘काझरी’ या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी या उंदरांच्या अभ्यासाला अनेक वर्षं दिली. आमच्यासारख्यांची वाट त्यांनीच सोपी केली.

हे उंदीर बाजरी खातात, कोवळी रोपं कुरतडतात. शेतकऱ्याचं नुकसान खरंच आहे. पण खोकड, घुबडं, साप यांचं पोटही त्यांच्यावरच भरतं. म्हणून कोणती जात, किती संख्येनं, हे पाहिल्याशिवाय झिंक फॉस्फाईड हे उंदीरमार विष टाकणं मला चुकीचं वाटतं.

जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडीच्या वाळूत गेलात तर एवढं करा: बिळांची वसाहत दिसली की तिच्यावरून जीप नेऊ देऊ नका.